टेबल पुस्तकाला अडवतं ते विद्युतचुंबकीय बलाने की पाउलीमुळे?

अणुरेणू (धागाकर्ता): अकरावीला एका वाक्यात उरकतात: लंब प्रतिक्रिया (टेबल पुस्तकाला वर रेटतं ते बल), ताण, घर्षण ही दुय्यम बलं, मुळात विद्युतचुंबकीय. कारण काय, तर 'इलेक्ट्रॉन इलेक्ट्रॉनला लोटतो'. मला हे साफ अमान्य. हायड्रोजनचे दोन अणू घ्या. इलेक्ट्रॉनांचे स्पिन (वर किंवा खाली अशा दोनच दिशा असलेला अंगभूत गुण) विरुद्ध असतील तर ०.०७४ नॅनोमीटरवर बंध जुळतो, समांतर असतील तर अणू एकमेकांना लोटतात. प्रभार दोन्हीकडे तेच! फरक पाडतं पाउलीचं अपवर्जन तत्त्व: सारख्या स्पिनचे दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत. घन पदार्थ कोसळत का नाही, याच्या डायसन-लेनार्ड यांच्या १९६७च्या सिद्धतेलाही ते लागतंच.

तिरकस: असहमत. तत्त्व म्हणजे बल नव्हे. ऊर्जेच्या समीकरणात गतिज आणि कूलोम (प्रभारांमधली ओढ आणि लोट) एवढीच पदं असतात. पाउलीचं तिसरं पद दाखवा, मी धाग्यातून उठतो. समांतर स्पिनचे इलेक्ट्रॉन दोन केंद्रकांमधली जागा सोडतात, तिथला ऋण प्रभार विरळ होतो आणि केंद्रकांचं आपसातलं प्रतिकर्षण वरचढ ठरतं. फाइनमनचं १९३९चं प्रमेय हेच सांगतं: इलेक्ट्रॉनांची घनता कळली की केंद्रकावरचं बल साध्या स्थिरविद्युत नियमाने निघतं. घनता कशी असावी हे पाउली ठरवतो, ढकलतं कूलोमच.

अणुरेणू: मग श्वेत बटू तारा, म्हणजे इंधन संपलेला, इलेक्ट्रॉनांच्या दाबावर तगलेला तारा? तिथे कूलोम शून्य धरला तरी दाब जवळपास तेवढाच येतो. चंद्रशेखरांची १.४ सौर वस्तुमानांची मर्यादा (त्याहून जड श्वेत बटू तगत नाही) त्याच हिशेबातली.

तिरकस: फुग्यातल्या हवेचा दाबही रेणूंमधली बलं शून्य धरूनच काढतात. म्हणून कुणी पाचवं मूलभूत बल मोजत नाही.

लेथवाला: टेबल सोडा, दांडा घ्या. १ मीटर लांब, १ चौरस सेंटिमीटर छेदाचा पोलादी दांडा, वर १० किलो वजन. यंग गुणांक (पदार्थाचा ताठरपणा) २०० गिगापास्कल, म्हणजे दांडा सुमारे ५ मायक्रोमीटर दबतो. शेजारच्या अणूंमधल्या ०.२५ नॅनोमीटर अंतरातून जेमतेम १.२ फेम्टोमीटर जातात, प्रोटॉनच्या त्रिज्येच्या दीडपट! तेवढ्या सरकण्यात ९८ न्यूटन उभे राहतात. आता तेच वजन दांड्याला खालून टांगा. तेवढाच लांबेल. ओढून धरायला कुठला पाउली येतो? अणू मुळात ओढ आणि प्रतिकर्षण जिथे तुल्यबळ होतात तिथे बसलेले असतात. दाबा की प्रतिकर्षण जड, ताणा की ओढ जड.

अणुरेणू: ताणापुरतं मान्य. पण दाबताना प्रतिकर्षण इतकं झपाट्याने का वाढतं, ते पाउलीशिवाय सांगून दाखवा.

लेथवाला: नाही सांगता येणार. पण तुमचं 'मुळात' घर्षणाशी येऊन अडतं. १० किलोचा पोलादी ठोकळा पोलादावर ठेवला तर उंचवटे चेपून खरा स्पर्श ०.१ चौरस मिलिमीटरच्या आसपासच होतो, ठोकळा आडवा ठेवा की उभा. म्हणून घर्षण दिसणाऱ्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं. वर ऑक्साइडचा थर, तेलाचा अंश. हे साफ करून निर्वातात तेच पोलाद घासलंत तर घर्षण गुणांक कितीतरी वाढतो, कधी तुकडे चिकटूनच बसतात. कूलोम तोच, पाउलीही तोच. गुणांक मात्र मोजूनच घ्यावा लागतो.