मदत हवी आहे: सर्व्हर एकच, पण होस्ट की बदलल्याचा इशारा एकाच संगणकावर का येतो?

नमस्कार मंडळी,

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका लहान मशीनिंग युनिटमध्ये मी संगणकांची देखभाल पाहतो. माझे मूळ काम ड्रॉइंग तपासण्याचे आहे. संगणक गळ्यात पडले ते केवळ "तुम्हाला त्यातले जरा कळते" म्हणून. आमच्याकडे एक लिनक्स सर्व्हर आहे. त्यावर ड्रॉइंगच्या फाईली आणि हिशेबाची माहिती असते, आणि त्याच्याशी आम्ही एसएसएचने, म्हणजे दुसऱ्या संगणकावर दुरून सुरक्षितपणे काम करण्याच्या साधनाने, जोडतो.

गेल्या आठवड्यात वीज बराच वेळ गेली आणि यूपीएसही उतरला. वीज आल्यानंतर मी माझ्या लॅपटॉपवरून नेहमीप्रमाणे १९२.१६८.१.२० या पत्त्यावर जोडणी करू लागलो, तेव्हा टर्मिनलवर मोठ्या अक्षरांतला इशारा आला. पलीकडच्या यंत्राची ओळख बदलली आहे, मध्ये कोणी बसून तुमचे संभाषण ऐकत असण्याची शक्यता आहे, किंवा होस्ट की (सर्व्हरची ओळख पटवणारी की) नुकतीच बदललेली असू शकते, असा त्याचा आशय होता. खाली नवा फिंगरप्रिंट, म्हणजे त्या कीची आटोपशीर खूण, दिला होता आणि ओळखीच्या सर्व्हरच्या की नोंदवून ठेवणाऱ्या 'नोन होस्ट्स' या फाईलमधली ७ वी ओळ त्याच्याशी जुळत नाही, असे सांगून जोडणी बंद झाली. गंमत अशी की लेखा विभागातील संगणकावरून त्याच दिवशी, त्याच सर्व्हरवर, कोणतीही तक्रार न होता काम चालू होते. फरक इतकाच, की तेथे आकडी पत्त्याऐवजी 'हिशेब' हे सर्व्हरचे नाव वापरतात.

सर्व्हर बसवून देणाऱ्या विक्रेत्याला फोन केला, तर "ती ओळ उडवा आणि येस करा, सगळे तसेच करतात" असे उत्तर मिळाले. सगळे तसेच करत असतील, तर तो इशारा ठेवलाच कशाला, हे मला समजत नाही. म्हणून ती ओळ मी अद्याप तशीच ठेवली आहे.

मला मुळापासून समजून घ्यायचे आहे. संगणक सर्व्हरची ओळख पटवतो म्हणजे नेमके काय तपासतो? होस्ट की सर्व्हर स्वतःच पाठवत असेल, तर ती उघड असलेली की कोणी तोतयाही उचलून पाठवू शकणार नाही का? आणि अगदी पहिल्यांदा जोडताना आपण जो 'येस' लिहितो, तो कशाच्या आधारावर? बँकेचे संकेतस्थळ उघडताना ब्राउझर असे काही विचारत नाही, मग येथेच का विचारले जाते?

प्रतिसाद १

ओळ उडवली नाहीत, हे उत्तम केलेत. उलगडा होईपर्यंत त्या पत्त्यावर कोठूनही पासवर्ड टाकू नका.

सर्व्हरवर एसएसएच बसवताना किंवा पहिल्यांदा सुरू होताना किल्ल्यांची एक जोडी तयार होते. त्यातली खासगी की सर्व्हरच्या डिस्कवरच राहते आणि सार्वजनिक की जोडणाऱ्या प्रत्येकाला दिली जाते. तोतया ती सार्वजनिक की नक्कीच पाठवू शकेल, पण तेवढ्याने त्याचे काम होत नाही. जोडणी सुरू होताना दोन्ही बाजू गणिती देवाणघेवाण करून एक सामाईक गुपित ठरवतात, आणि त्या साऱ्या देवाणघेवाणीचा जो हॅश (माहितीतून गणिताने काढलेली छोटी खूण) निघतो त्यावर सर्व्हरला आपल्या खासगी कीने सही करावी लागते. हा हॅश प्रत्येक जोडणीला नवा असतो, त्यामुळे कालची सही आज चालत नाही. तुमचा लॅपटॉप ती सही सार्वजनिक कीने पडताळतो, आणि मग ही सार्वजनिक की पूर्वी नोंदवलेलीच आहे का, हे 'नोन होस्ट्स'मध्ये पाहतो. बँक धनादेशावरची सही आपल्याकडच्या नमुना सहीशी ताडून पाहते, तसाच हा दुसरा टप्पा आहे.

आता पहिला 'येस'. तेथे तुमच्याकडे नमुनाच नसतो, म्हणून एसएसएच फिंगरप्रिंट दाखवून निर्णय तुमच्यावर सोडतो. ब्राउझरला हे विचारावे लागत नाही, कारण संकेतस्थळांची ओळख प्रमाणित करणाऱ्या ज्या प्रमाणपत्र संस्थांवर विश्वास ठेवायचा त्यांची यादी त्याच्यासोबत आधीच आलेली असते. एसएसएच १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात ताटू युलोनेन यांनी लिहिले. त्या विद्यापीठाच्या जाळ्यावर कोणीतरी पासवर्ड चोरून ऐकले होते, आणि कोणत्याही मध्यवर्ती संस्थेवाचून लगेच वापरता येईल असे साधन तेव्हा हवे होते. पहिल्या भेटीवर विश्वास टाकायचा आणि पुढे बदल झाला तर ओरडायचे, ही त्यातली तडजोड आहे, आणि माझ्या मते ती वाईट नाही. वाईट आहे ती फिंगरप्रिंट न वाचता 'येस' लिहिण्याची आपली सवय. विक्रेत्याचा सल्ला त्याच सवयीतून आलेला आहे.

हा फिंगरप्रिंट दुसऱ्या वाटेने पडताळायचा असतो, कारण ज्या जोडणीवर संशय आहे तिच्यातूनच आलेला पुरावा काही कामाचा नाही. तुमचा सर्व्हर तर हाताशी आहे. त्याला मॉनिटर व कीबोर्ड जोडा, 'ईटीसी'मधल्या 'एसएसएच' फोल्डरात जा, आणि 'एसएसएच-कीजेन' ही कमांड 'उणे एलएफ' या पर्यायासह ईडी२५५१९ प्रकारच्या सार्वजनिक कीच्या फाईलवर चालवा. 'एसएचए२५६' नंतर येणारी ४३ अक्षरे सगळी ताडून पाहा. केवळ पहिली चार-पाच अक्षरे पाहून समाधान मानू नका. आरएसए या दुसऱ्या प्रकारच्या कीचा फिंगरप्रिंट ईडी२५५१९ च्या फिंगरप्रिंटशी जुळणारच नाही, तेव्हा प्रकारही तोच असू द्या.

एका संगणकावर इशारा येतो आणि दुसऱ्यावर येत नाही, याबाबत मला शंका आहे ती पत्त्याची. तेथेच बसून सर्व्हरचा आजचा आयपी पत्ताही पाहा.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. आज दुपारी सर्व्हरसमोर बसून हे सर्व केले.

माझ्या लॅपटॉपवर पूर्वीपासून नोंदवलेली की आणि सर्व्हरवरची की यांचे फिंगरप्रिंट तंतोतंत जुळले, म्हणजे सर्व्हरची होस्ट की बदललेलीच नाही. त्याचा पत्ता मात्र आता १९२.१६८.१.२७ आहे. वीज आल्यावर राउटरने पत्ते नव्याने वाटले आणि २० हा पत्ता नव्याने बसवलेल्या बॅकअपच्या नॅस यंत्राला (जाळ्यावरून फाईली साठवणाऱ्या पेटीला) मिळाला, ज्यावर एसएसएच चालू होते. 'हिशेब' हे नाव राउटरने नव्या पत्त्याकडे वळवल्यामुळे लेखा विभागाला काही जाणवले नाही. मी ओळ उडवून पुढे गेलो असतो, तर सर्व्हरचा पासवर्ड त्या नॅसच्या हाती दिला असता. राउटरमध्ये सर्व्हरसाठी २० हा पत्ता आता राखून ठेवला आहे.

एक शंका उरते. सिन्नरच्या शाखेसाठी लवकरच क्लाउड सर्व्हर भाड्याने घ्यायचा आहे. त्याला मॉनिटर कोठून जोडणार?

प्रतिसाद १

क्लाउड सर्व्हरला बहुतेक ठिकाणी ब्राउझरमधून उघडणारा कन्सोल, म्हणजे जणू सर्व्हरचा मॉनिटरच, मिळतो. पहिल्यांदा सुरू होताना अनेक लिनक्स प्रतिमा (लिनक्सच्या तयार प्रती) आपल्या होस्ट कींचे फिंगरप्रिंट त्या कन्सोलच्या नोंदीत छापतात. ते तेथून उतरवून घ्या आणि मगच पहिली जोडणी करा. 'एसएसएच-कीस्कॅन'ने की गोळा केली म्हणजे पडताळणी झाली, असे समजू नका. ते साधन जे समोर येईल ते उचलते.

कधीकधी की खरोखरच बदलते. प्रोग्रामचा कोड ठेवण्याची सेवा देणाऱ्या गिटहबची आरएसए खासगी की एका सार्वजनिक रिपॉझिटरीत (कोडच्या भांडारात) थोडा वेळ उघडी पडली होती, म्हणून २४ मार्च २०२३ रोजी त्यांनी ती बदलली आणि जगभरच्या अनेकांना तुमच्यासारखाच इशारा दिसला. त्यांनी नवा फिंगरप्रिंट आपल्या संकेतस्थळावर दिला होता, म्हणजे तेथेही ताडून पाहायला दुसरी वाट होती. अशी खात्री झाल्यावर 'एसएसएच-कीजेन उणे आर' आणि पुढे सर्व्हरचे नाव देऊन जुनी नोंद काढणे योग्यच.

सर्व्हर वाढू लागले, तर होस्ट प्रमाणपत्रांचा विचार करा. ती सोय ओपनएसएसएच या एसएसएचच्या प्रचलित प्रोग्राममध्ये २०१० च्या ५.४ या आवृत्तीपासून आहे. त्यात तुमचीच एक की सर्व सर्व्हरच्या कींवर सही करते आणि लॅपटॉपवर तेवढ्या एकाच कीची नोंद ठेवावी लागते. दोन सर्व्हरसाठी मात्र हा खटाटोप करू नका. आणि नॅसवरच्या एसएसएचची कोणाला गरज नसेल, तर ते आजच बंद करून टाका.