आदिमानव नुसता हू-हू करे का?

जागल्या, जळगाव जामोद
हरभऱ्यात डुकरं घुसतात, म्हणून रातच्याले जागलीवर असतो. बाजूच्या मचाणावरून हाळी आली का समजते, कळप आला. पण "उद्या नाल्याकडून येतील, तू तिकडं थांब" हे हाळीत बसत नाही, त्याले वाक्यच लागते. पोराच्या गुरुजीनं सांगतलं, आदिमानवाले भाषा नव्हती. मले पटलं नाही. रानगवा काय हू-हू करून मारला त्यानं? जाणकारांनी सांगा बाप्पा.

खापरी, नागपूर
भाऊ, शिकारीचा पुरावा कच्चा. लांडगेही कळपानं शिकार करतात. चंद्रपूरच्या पापामिया टेकडीवर अश्मयुगातली दगडी हत्यारं सापडली, पण दगड फोडणं नुसतं बघूनही बरंचसं शिकता येतं.

तुमचं "उद्या नाल्याकडून" मात्र नेमकं आहे. जे समोर नाही त्याबद्दल बोलणं, खरी भाषा तिथे सुरू होते. म्हणून मला ऑस्ट्रेलिया महत्त्वाचा वाटतो. माणूस तिथे निदान ५०,००० वर्षांपूर्वी पोचला. हिमयुगात समुद्र कितीही खाली गेला तरी मधलं पाणी आटलं नव्हतं. तराफा बांधायचा, बायापोरं घेऊन निघायचं, कुठे ते ठरवायचं... हे हातवाऱ्यांवर झालं असेल असं मी तरी मानणार नाही.

शंकासुर
त्याच्याही मागे जा. इस्रायलच्या केबारा गुहेत १९८३ साली निअँडरथलचं (आपल्या जवळची, आता नामशेष झालेली मानवजात) गळ्यातलं, जिभेच्या मुळाशी असणारं हाड मिळालं, सुमारे ६०,००० वर्षांपूर्वीचं, अगदी आपल्यासारखं. बोलण्याशी संबंध असलेल्या फॉक्सपी२ जनुकातले, चिंपांझीत नसलेले आपले दोन्ही बदल त्याच्यातही आहेत. पण आवाज काढता येणं वेगळं, व्याकरण वेगळं. हाडावरून काळ, विभक्ती कशी कळणार? या असल्या वादांना कंटाळून पॅरिसच्या भाषाशास्त्र मंडळानं १८६६ मध्ये हा विषयच बंद केला होता!

जागल्या
तराफ्याचं पटलं ताई. आमच्या तालुक्यात निहाली बोलणारे लोक आहेत. कोणत्याच भाषाकुळात बसत नाही म्हणतात. तेच आदिमानवाची बोली असन का?

खापरी, नागपूर
नाही हो. कुळ सापडत नाही म्हणजे ती भाषा अर्धवट, असं नसतं. आज बोलली जाणारी एकही भाषा तशी नाही. निहालीतही उद्याचं, परवाचं सगळं सांगता येतं.

जागल्या
मंग निअँडरथल ऑस्ट्रेलियाले कायले नाही गेला? बोलता येत नव्हतं म्हणून?

शंकासुर
तो राहायचा युरोप आणि पश्चिम-मध्य आशियात. तेवढ्यावरून त्याला मुका ठरवू नका.