‘स्पेडटेल’ आणि ‘नो टेल’ : जनुककुळात कामाची वाटणी असते का?

प्रश्न (एम.एस्सी. प्राणिशास्त्र, मुंबई) : झेब्राफिश या छोट्या माशाच्या भ्रूणात ‘स्पेडटेल’ जनुक निकामी असेल तर धडाचे स्नायू जवळजवळ बनत नाहीत, शेपटीचे मात्र बनतात; ‘नो टेल’ निकामी असेल तर पृष्ठरज्जू (नोटोकॉर्ड, म्हणजे भ्रूणाच्या पाठीतील आधारदांडा; मज्जारज्जू नव्हे) आणि शेपटी बनत नाही, पण धडाचे स्नायू बनतात. दोन्ही जनुके टी-बॉक्स कुळातली, म्हणजे इतर जनुके चालू-बंद करणाऱ्या प्रथिनांच्या एका कुळातली आहेत. मग कुळाने एकाला धड आणि दुसऱ्याला शेपटी वाटून दिली आहे, असे मानणे योग्य ठरेल का?

उत्तर १ : वाटणीची कल्पना पुराव्यापुढे टिकत नाही. दोन्ही जनुके एकाच वेळी निकामी असलेल्या भ्रूणात धडाचा आणि शेपटीचा मध्यस्तर (ज्यातून स्नायू, पृष्ठरज्जू वगैरे बनतात तो भ्रूणाचा मधला पेशीथर) जवळजवळ नाहीसा होतो. एवढ्यावर ‘ही दोन नुकसानांची बेरीज आहे’ असे म्हणता येईल. परंतु मज्जारज्जूच्या तळाशी मधोमध जी पेशींची पट्टी असते, ती दोहोंपैकी एकच जनुक गेले असता बनते आणि दोन्ही गेली की धडात बनत नाही. म्हणजे तेथे दोघेही एकमेकांची उणीव भरून काढत होते. शिवाय ‘स्पेडटेल’चा मूळ दोष पेशींच्या हालचालीत आहे : धडाच्या पेशी मध्यरेषेकडे न सरकता शेपटीच्या टोकाशी साचतात, म्हणूनच ती फावड्यासारखी दिसते.

उत्तर २ : मला याहून महत्त्वाचे वाटते ते ‘फ्लोटिंग हेड’ या होमिओबॉक्स कुळातील (हेही इतर जनुकांचे नियंत्रण करणारे कूळ) जनुकाचे उदाहरण. ते निकामी असले की पृष्ठरज्जूच्या जागी स्नायू तयार होतात. पण त्याच भ्रूणातून ‘स्पेडटेल’ही काढून टाकले, तर पुढच्या भागात पृष्ठरज्जू पुन्हा बनतो. याचा अर्थ असा की, ‘फ्लोटिंग हेड’ मध्यरेषेवर ‘स्पेडटेल’ला दाबून ठेवते आणि पेशी कोणती ऊती होणार हे या दोन कुळांच्या परस्परसंबंधातून ठरते. एका जनुकाच्या अभावाचे परिणाम कितीही बारकाईने नोंदवले, तरी हा संबंध त्यांतून दिसला नसता.

उत्तर ३ : एक पुरवणी. ‘नो टेल’ म्हणजे उंदरातील ‘ब्रॅकियुरी’ या जनुकाचेच रूप, झेब्राफिशमध्ये त्याच्या दोन प्रती आहेत, आणि दोन्ही निष्प्रभ केल्यावर भ्रूणाचे नुकसान उंदरातल्याइतके गंभीर होते. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत झेब्राफिशवर संशोधन चालते. संधी मिळाली तर २८.५ अंश सेल्सिअसला वाढवलेला २४ तासांचा भ्रूण सूक्ष्मदर्शकाखाली अवश्य पाहा, कारण तो पारदर्शक असल्याने पृष्ठरज्जू आणि स्नायुखंड दोन्ही स्पष्ट दिसतात.