हाक मारूनही कारवान कुत्रा परत येत नाही

प्रश्न : आमचा दीड वर्षांचा कारवान घरात एका हाकेत येतो, मात्र माळावर मोकळा सोडला आणि ससा दिसला, की सुसाट सुटतो व मागे वळूनही पाहत नाही. काय करावे?

उत्तर १ : ही नजरेने शिकार हेरणारी जात असल्याने धाव सुरू झाल्यावर हाक मारणे व्यर्थ असते, कान टवकारून तो एकटक पाहू लागताच हाक मारावी. ही सवय लागेपर्यंत लांब दोरी लावावी, तीही छातीच्या पट्ट्याला, अन्यथा मानेला हिसका बसतो.

उत्तर २ : उशिरा आला तरी रागावू नये. उकडलेल्या चिकनचा तुकडा देऊन पुन्हा खेळायला सोडावे, म्हणजे हाक आली की खेळ संपला, असे त्याला वाटणार नाही.