जहांगीर आणि जहागीर, ‘गीर’ एकच का?

परवा जेवताना काका म्हणाले की जहांगीर बादशहाने सरदारांना जमिनी वाटल्या म्हणून त्या जमिनींना जहागीर म्हणायला लागले. ऐकायला फिट्ट बसतंय पण मला काही पटेना. खरं काय?

—

काका निम्मे पास. ‘गीर’ दोन्हीकडे तोच, फारसी गिरिफ्तन म्हणजे धरणे, पकडणे, आपला ‘गिरफ्तार’ पण त्यातलाच. फरक पुढच्या तुकड्यात आहे. जहागीर मुळात जागीर, ‘जा’ म्हणजे जागा, म्हणजे जागा धरून असलेला, आपल्या तोंडी त्यात एक ह घुसला आणि तिथेच हा सगळा घोळ झाला. जहांगीर म्हणजे जहान + गीर, जग काबीज करणारा. आणि जागीर शब्द अकबराच्या कारभारात आधीपासून होताच, सलीम (जहांगीरचं आधीचं नाव) गादीवर आला १६०५ ला, तेव्हा काकांचं गणित तिथेच फसतं.

नाव का बदललं ते त्याने स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय, की सलीम म्हटलं की रूमच्या म्हणजे तुर्कस्तानच्या सुलतानांशी गल्लत होते, आणि बादशहाचं काम जग जिंकणं, म्हणून जहांगीर. हे कारण मला भारी आवडतं, नावात गोंधळ नको म्हणून सरळ जगच घेतलं!

—

यात भर. औरंगझेब हा किताब नाही, ते लहानपणापासूनचं नाव, औरंग म्हणजे सिंहासन आणि झेब म्हणजे शोभा. गादीवर बसल्यावर घेतलेला किताब आलमगीर. आता आलम म्हणजेही जगच (आपण ‘आलम दुनिया’ म्हणतो तोच, खरं तर जग जग), म्हणजे आजोबा जहांगीर आणि नातू आलमगीर, अर्थ शंभर टक्के एकच, फक्त नातवाने फारसी जहान काढून अरबी आलम लावला. मधला शाहजहान पण जगाचाच राजा, आणि हा किताब त्याला बापाने शहजादा असतानाच दिला, १६१७ ला, दख्खनच्या मोहिमेनंतर. तीन पिढ्या जगाखाली कोणी बोलायलाच तयार नाही.

—

मग दादागिरीतली गिरी पण हीच का?

—

मुलुखगिरीत नक्की हीच, मुलुख + गीर + ई, मुलुख काबीज करत फिरणं. नंतर ते शेपूट इतकं सुटं झालं की दादागिरी, गुलामगिरी कशालाही लागलं, तिथे कोण काय धरतंय ते शोधत बसू नका. कारागीर मात्र फसवा आहे हं, फारसीत तो कारीगर, म्हणजे सौदागर-जादूगरवाला ‘गर’, मराठीने त्याचा गीर केला.

—

मेल्यानंतरचे किताब पण बघा, दरबारी कागदात मेलेल्या बादशहाचं नाव न घेता तेच लिहायचे. औरंगझेब ‘खुल्द-मकान’, खुल्द म्हणजे कायमचा स्वर्ग. १७०७ ला अहमदनगरजवळ गेला, पुरला रौज्याला, आणि त्या किताबावरून रौज्याचं झालं खुलदाबाद. वेरूळला जाताना घाटात लागतं ते. हुमायूं ‘जन्नत-आशियानी’, आशियान म्हणजे घरटं, स्वर्गात ज्याचं घरटं तो.

—

थांबा, आमच्या शेजारच्या सोसायटीचं नाव आशियाना आहे! काकांना जागीरचं सांगितलं, ते म्हणाले बरं, मग वतन कुठून आलं ते सांग.