ओव्हरक्लॉक केलेला (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगानं चालवलेला) पीसी गेममध्ये एकदम बंद पडतोय. एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) किती वॅटचा घेऊ?

मंगळवारपेठ_५१

नमस्कार मंडळी. महिनाभर एकच प्रकार चाललाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्रोसेसर आय५-१२६००के, पी-कोअर (त्यातले वेगवान कोअर) ५.१ गिगाहर्ट्‌झवर, १.३३ व्होल्ट. ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०८०, १० जीबीचं, सेकंडहँड घेतलेलं. पॉवर लिमिट वाढवून ३५० वॅटवर ठेवलंय. एसएमपीएस २०१९ चा, जुन्या मशीनमधला, ६५० वॅट ब्राँझ (कार्यक्षमतेचा दर्जा, गोल्ड त्याच्या वरचा).

गेम खेळताना ना निळा स्क्रीन, ना हँग. आतून बारीक 'टक्' असा आवाज येतो आणि सगळं अंधार. पंखेसुद्धा थांबतात. नंतर पॉवर बटण कितीही दाबा, काही होत नाही. मागचा स्विच बंद करून अर्धा मिनिट थांबलो की मग सुरू होतो. विंडोजच्या लॉगमध्ये फक्त कर्नेल-पॉवर ४१, म्हणजे मशीन नीट बंद न होता थांबल्याची नोंद. गंमत म्हणजे सिनेबेंच (प्रोसेसरवर ताण देणारी चाचणी) अर्धा तास चालवलं, सीपीयू २१० वॅट खात होता, तरी ठणठणीत. बंद पडतो तो गेममध्येच, आणि बहुतेक वेळा मेनूतून नकाशात उतरताना.

राजारामपुरीत दोन दुकानांत विचारलं. एकाकडं १००० वॅटचा आहे, साडेचार हजारांत, कंपनीचं नाव कधी ऐकलेलं नाही. दुसऱ्याकडं नावाजलेल्या कंपनीचा ८५० गोल्ड, अकरा हजार. वडील म्हणतात, जास्त वॅट कमी पैशांत मिळतायत तर तोच घे. गेल्या दोन दिवाळ्यांत आकाशकंदील करून विकले, त्यातले बारा हजार बाजूला आहेत. ते एकदाच खर्च करता येतील, म्हणून विचारतोय.

रंकाळा_रेंडर

३०८० ला एनव्हिडिया स्वतः ७५० वॅटचा एसएमपीएस सांगते, आणि तेही ओव्हरक्लॉक न करता. तुझा ६५० चा आहे. ८५० घेऊन टाक, विषय संपला.

उद्यमनगर_वायंडर

भावा, घाई करू नकोस. कष्टाचे पैसे आहेत, आधी दोष कुठं आहे ते बघू.

मी उद्यमनगरात मोटरी भरतो आणि सीएनसीचे ड्राइव्ह दुरुस्त करतो. तुझं दुखणं आमच्या रोजच्या ओळखीचं आहे. लेथची ३ एचपीची मोटर चालताना साडेचार-पाच अँपिअर घेते, पण स्टार्टर दाबल्या क्षणी त्याच्या सहापटीपर्यंत ओढते. साध्या मीटरचा काटा हलेपर्यंत ते संपलेलं असतं, पण एमसीबीला ते कळतं. म्हणून तिथं बी-कर्व्हचा (लहान झटक्यालाच पडणारा) एमसीबी टिकत नाही, सी नाहीतर डी लावावा लागतो.

तुझं कार्ड तेच करतंय. सॉफ्टवेअरमध्ये ३५० वॅट दिसतात ती सरासरी. लोड अचानक चढला की मिलिसेकंदापेक्षाही कमी वेळ ते साडेचारशेच्या पार जातं. एसएमपीएसमधलं संरक्षण तो झटका पकडतं आणि स्वतःला कुलूप लावून घेतं. म्हणूनच मागचा स्विच बंद केल्याशिवाय तुझं मशीन उठत नाही. सिनेबेंचमध्ये कार्ड झोपलेलं असतं आणि सीपीयू एकसारखा खातो, तिथं झटका येणार कुठून?

आता दोन कामं कर. एसएमपीएसचं लेबल वाच. १२ व्होल्टच्या रकान्यात किती रेल (स्वतंत्र मर्यादा असलेल्या पुरवठ्याच्या वाटा) आणि प्रत्येकीला किती अँपिअर, ते इथं लिही. दुसरं, कार्डाला गेलेल्या वायरी बघ. दोन प्लग दोन वेगळ्या केबलींचे आहेत, की एकाच केबलीला पुढं दोन तोंडं आहेत? आणि त्या हजारवाल्याचंही लेबल दुकानात जाऊन वाचून ये.

मंगळवारपेठ_५१

काका, सगळं बघून आलो. माझ्या एसएमपीएसवर १२ व्होल्टच्या दोन रेल आहेत, प्रत्येकी ३० अँपिअर, दोन्ही मिळून ६४८ वॅट. कार्डाला एकच केबल आहे, शेवटी दोन तोंडं. कॅबिनेटमध्ये गर्दी नको म्हणून मीच तशी लावली होती.

दुकानातल्या १००० वॅटवाल्यावर १२ व्होल्टला ४५ अँपिअर लिहिलंय.

एक सांगायचं राहिलं. कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूला हात लागला की मुंग्या येतात. सध्या पावसामुळं फरशीला ओल आहे, अनवाणी असलो की जास्त जाणवतं. याचा काही संबंध आहे का?

उद्यमनगर_वायंडर

मुंग्यांचं आधी. ते बंद पडण्यापेक्षा गंभीर आहे.

तुझ्या भिंतीतल्या बोर्डाला अर्थिंग नाही. कुठल्याही चांगल्या एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टर असतो. त्यात दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून आणि एक न्यूट्रलकडून, दोन्ही बॉडीला जोडलेले. अर्थ असला की ती किंचित गळती जमिनीत जाते. अर्थ तुटला की बॉडी दोघांच्या मधे लटकते, म्हणजे २३० च्या निम्म्यावर. करंट अगदी थोडा असतो म्हणून नुसत्या मुंग्या येतात. पण उद्या आत खरंच फेज बॉडीला लागली, तर ती जाणार तुझ्या अंगातून. अकरा हजारांचा नवीन एसएमपीएस बसवलास तरी मुंग्या तशाच राहतील, कारण दोष भिंतीत आहे. आजच्या आज वायरमन बोलाव. फेज आणि अर्थमध्ये २३० च्या आसपास आले पाहिजेत, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर नकोत. बोर्ड तू उघडू नकोस. आणि काम होईपर्यंत मशीन लावू नकोस, एवढं माझं ऐक.

आता लेबल. तुझी रेल ३० अँपिअरची, म्हणजे १२ गुणिले ३०, ३६० वॅट. कार्ड झटक्यात पावणेपाचशेला गेलं असं धर. त्यातले साधारण ६५ मदरबोर्डच्या स्लॉटमधून येतात, उरले ४१०. ते सगळे एकाच केबलीतून, एकाच रेलवरून, म्हणजे ३४ अँपिअर. संरक्षण पडणारच. त्याचं काम ते चोख करतंय. एसएमपीएसमधून दुसरी केबल काढ आणि दुसरा प्लग तिच्यावर लाव. ती दुसऱ्या रेलवर असेल तर फरक लगेच कळेल.

हजारवाला मात्र घरात आणू नकोस. ४५ अँपिअर म्हणजे ५४० वॅट. आजच्या मशीनमध्ये सीपीयू आणि कार्ड दोघंही १२ व्होल्टवरच जगतात, बाकीच्या आकड्यांना अर्थ नाही. खऱ्या ८५० च्या लेबलवर १२ व्होल्टला ७० अँपिअर असतात. तुझा हिशोब बघ: सीपीयू २१०, कार्ड ३५०, पंखे-पंप-डिस्क मिळून ६०. एकूण ६२०, आणि वर झटके. ८५० पुरेसा आहे. शक्यतो एटीएक्स ३.० (एसएमपीएससाठीचा एक नियम) लिहिलेला बघ. २०२२ च्या त्या नियमात, कार्डाची १६ पिनांची नवी केबल असलेल्या मोठ्या एसएमपीएसला रेटिंगच्या दुप्पट झटका १०० मायक्रोसेकंद सोसावा लागतो. तुझ्या ३०८० ला ती केबल लागायची नाही, पण झटका सोसायची ताकद तुझ्या कामाची आहे.

इचलकरंजी_लूम

नवीन आणलास की एक गोष्ट अगदी पक्की लक्षात ठेव. जुन्या एसएमपीएसच्या केबली नव्याला लावू नकोस. कार्डाकडचं तोंड सगळीकडं सारखं असतं, पण एसएमपीएसकडच्या पिनांची रचना प्रत्येक कंपनीची वेगळी, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचीही वेगळी. प्लग मात्र आरामात बसतो. मी मागच्या वर्षी 'केबल आधीच नीट ओवलेली आहे' म्हणून साटाची (हार्डडिस्कला वीज देणारी) जुनी केबल ठेवली. ५ व्होल्टच्या जागी १२ गेले. दोन हार्डडिस्क गेल्या. एकीत मुलीच्या बारशापासूनचे फोटो होते, ते परत मिळाले नाहीत. नव्या खोक्यातल्या केबलीच वापर, सगळ्या.

रंकाळा_रेंडर

यूपीएस आहे का? घरात असतो तो ६०० व्हीएचा साधारण ३६० वॅटचा असतो. गेम चालू असताना लाइट गेली की तो लगेच मान टाकेल. माझ्याकडं हेच कार्ड आहे. मी ३०० वॅटवर बांधून ठेवलंय, फ्रेम्स मोजक्याच कमी झाल्या आणि खोली तापायची थांबली.

मंगळवारपेठ_५१

यूपीएस नाही, पुढं बघू.

काल संध्याकाळी वायरमन येऊन गेले. घर आजोबांच्या काळातलं, लाकडी बोर्ड. सॉकेटला तीन भोकं होती, पण उघडल्यावर वरच्या मोठ्या पिनला वायरच नव्हती. स्क्रू कोरा, चकचकीत, कधी कुणी पिळलेलाच नाही. मशीन लावून त्यांनी स्क्रू आणि न्यूट्रलमध्ये मीटर धरला तर ११२ व्होल्ट. आई दारात उभी होती, तिनं तो आकडा वाचला आणि बाकीचे सगळे बोर्डही उघडायला लावले. मिक्सरचाही तसाच निघाला. मेन बोर्डापासून हिरवी वायर ओढली. परसातला अर्थिंगचा खड्डा बुजला होता, तो उकरून कोळसा आणि मीठ भरलं, पाणी घातलं. आता न्यूट्रल-अर्थमध्ये १.४ येतात आणि स्क्रूला हात लावला तर काही नाही.

मग दुसरी केबल लावली. रात्री तीन तास खेळलो, ३५० वॅटवर. एकदाही बंद पडला नाही.

तरी ८५० घेतोय. पाच-सहा वर्षं वापरलेल्या ६५० वर ६२० चा लोड रोज टाकायला मन धजत नाही. वडिलांना घेऊन दुकानात गेलो आणि दोन्ही खोक्यांवरचे १२ व्होल्टचे अँपिअर शेजारी शेजारी दाखवले, ४५ आणि ७०. त्यांनी दोनदा वाचलं आणि मग स्वतःच दुकानदाराला म्हणाले, "तो दुसरा द्या." शनिवारी बसवतो, केबली सगळ्या नव्या. जुना ६५० ताईच्या ऑफिसच्या मशीनला जाईल, तिच्यात कार्ड नाही.

काका, उद्यमनगरात तुमचं दुकान कुठल्या गल्लीत आहे ते खासगी निरोपात कळवा. आईनं बेसनाचे लाडू केलेत, डबा घेऊन येतो.