लाडक्या बहिणींना प्रशिक्षणाची सक्ती? आधी आमचा दिवस बघा

शिवणदोरा
परवा इथं 'करदाता_पिंपरी' यांनी लिहिलं होतं: "दीड हजार फुकट वाटणं थांबवा. जी बाई सहा महिन्यांचं कौशल्य प्रशिक्षण घेईल किंवा सुटलेली शाळा पुरी करेल तिलाच लाडकी बहीणचा हप्ता द्या, नाहीतर बाया घरी बसायला शिकतील." खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. दोन दिवस गप्प राहिले, आज राहवेना.

मी लातूर जिल्ह्यातल्या एका गावात ब्लाउज शिवते. सात वर्षांपूर्वी तालुक्याला तीन महिन्यांचा शिवणवर्ग केला. आम्ही तीस जणी. शेवटच्या दिवशी प्रमाणपत्रं, पाहुण्यांचं भाषण, फोटो. त्यातल्या आज शिवतात किती? पाच. बाकीच्यांना शिवता येत नाही असं नाही, पण गावात ब्लाउज शिवून घेणाऱ्या वाढल्या नाहीत. आमच्या एका गल्लीत तीन मशिनी पोत्याखाली झाकून ठेवल्यात.

वर्गासाठी सकाळी साडेनऊची एसटी, परतायला साडेसहा. तेव्हा बायकांना अर्धं तिकीट नव्हतं, ते २०२३ च्या मार्चपासून. खुरपणीचे जेवढे रोज बुडाले त्यात जुनी मशीन आली असती. आणि तुम्ही म्हणता घरी बसायला शिकतील. पहाटे पाचला उठून पाणी भरणारी बाई घरी कधी बसते ते मला दाखवा.

करदाता_पिंपरी
ताई, माझं अर्धंच वाक्य उचललंत. मी बायकांना आळशी म्हटलं नाही, योजनेला नावं ठेवली. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात या एका योजनेला ३६,००० कोटी होते. एवढ्या पैशात तालुक्यातालुक्याला चांगली प्रशिक्षण केंद्रं उभी राहिली असती. वर्षाला १८,००० रुपये हातात पडतात आणि पुढच्या वर्षी बाई आहे तिथंच. माझी आई सातवीत शाळा सुटलेली. चाळिशीत रात्रशाळेतून दहावी झाली आणि नगरपालिकेत लागली. तिला कुणी हप्ता दिला नव्हता. म्हणून मला या विषयात चीड येते, आणि त्याची लाज वाटत नाही.

वावर_यवतमाळ
शहरातले लोक भांडत बसा. इकडे येऊन पाहा. योजना सुरू झाल्यापासून निंदणाला बाया भेटत नाहीत. कापूस फुटून बोंडं लोंबतात, पाऊस आला की काळा पडतो. प्रशिक्षण राहू द्या, आधी वावरात पाठवा.

रोजंदारीण
वावरवाले दादा, बाया भेटत नाहीत की तुमच्या भावात भेटत नाहीत? आमच्या गावात निंदणाचा रोज बाईला २५०, फवारणीला गड्याला ५००. वेचाई किलोमागं ८ रुपये. दिवसभर वाकून ४० किलो वेचला तर ३२०. दीड हजार महिन्याला म्हणजे दिवसाला ५० रुपये. ५० रुपयांसाठी कोणती बाई ३२० सोडते? ज्या येत नाहीत त्यांना ५० रुपयांमुळं पहिल्यांदा नाही म्हणता आलं, एवढंच झालं.

वावर_यवतमाळ
हिशेब मलाही येतो. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल होता. केंद्रावर ओलावा जास्त म्हणून परत पाठवलं, व्यापाऱ्याला ६,८०० नं घातला. त्यातून वेचाई १० नं दिली तरी क्विंटलमागं १,००० तिथंच गेले. बियाणं, खत, दोन फवारण्या, गाडीभाडं वेगळं. बाया किलोला १२ मागतात, मी १२ कुठून देऊ? मी सावकार नाही, सहा एकराचा शेतकरी आहे. माझी बायको बी वेचते, तिला तर रोजच नाही.

रोजंदारीण
तुमचा भाव पडला त्याचा राग आमच्यावर काढू नका.

वावर_यवतमाळ
तुम्ही पण सगळे शेतकरी लुटारू असल्यासारखं लिहू नका.

पाणंद
दोघेही थांबा. मी तहसीलमध्ये रोजगार हमी योजनेच्या (रोहयो) शाखेत बावीस वर्षं होतो. १९७२ च्या दुष्काळात माझी आई पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायची. त्यातूनच विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेची रोजगार हमी उभी राहिली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम, नाही दिलं तर बेकारी भत्ता. तिथंही अट होती, पण सरकारवर! करदाता, तुमच्या पगारातून दरमहा २०० रुपये व्यवसाय कर कापला जातो ना, तो त्या हमीसाठी १९७५ साली लावलेला. तुम्ही गरिबाच्या कामासाठी आधीपासूनच पैसे भरताय. मग त्या पैशाचं काम कुठं गेलं ते विचारा. बाईला शाळेची हजेरी कशाला विचारता?

करदाता_पिंपरी
व्यवसाय कराचं मला माहीत नव्हतं. मान्य. पण तुमच्याच रोहयोच्या खोट्या हजेरीपटांबद्दलही लिहा की.

पाणंद
होते. मी स्वतः दोन पकडले आणि बदली भोगली. म्हणून मजुरांचं काम बंद करायचं?

एडिसन_न्यूजर्सी
इथं अमेरिकेत हा प्रयोग तीस वर्षांपूर्वी झालाय. २२ ऑगस्ट १९९६ ला तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी गरीब कुटुंबांच्या सरकारी मदतीच्या कायद्यावर सही केली. मदत हवी तर काम करा, आणि केंद्राच्या पैशातून आयुष्यात जास्तीत जास्त ६० महिने. गंमत म्हणजे व्यवसाय शिक्षण 'काम' म्हणून धरलं जातं ते १२ महिनेच. म्हणजे नर्सिंगचा दोन वर्षांचा कोर्स करणारी आई दुसऱ्या वर्षी अडकते. मदत घेणारी कुटुंबं ४४ लाखांवरून दहा लाखांच्या आसपास आली.

करदाता_पिंपरी
मग झालं की सिद्ध!

एडिसन_न्यूजर्सी
नाही झालं. यादीतून नाव गेलं म्हणजे नोकरी लागली असं नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी एकट्या आयांच्या नोकऱ्या वाढल्या हे खरं, ते मी लपवत नाही. पण तेव्हा बाजार तेजीत होता आणि कमी पगारवाल्यांना करात मोठी सवलतही मिळाली होती. इथल्या आर्कान्सा राज्यात २०१८ साली सरकारी आरोग्य विम्याला कामाची अट लावली. महिन्याचे तास संकेतस्थळावर भरायचे आणि ते रात्री नऊ ते सकाळी सात बंद! १८,००० हून जास्त लोकांचा विमा गेला. २०१९ च्या मार्चमध्ये न्यायालयानं ती अट थांबवली.

शिवणदोरा
संकेतस्थळाचं वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडं ई-केवायसीला नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार मागितला. माझी विधवा नणंद, वडीलही नाहीत. तीन वेळा सेतू केंद्रावर हेलपाटे, प्रत्येक वेळी रोज बुडाला. आता त्यात प्रशिक्षणाची हजेरी घाला. अंगठा उमटला नाही की हप्ता बंद. खडी फोडून, भांडी घासून बोटांच्या रेषा गेलेल्या बाईचा अंगठा उमटत नाही, हे ज्यांनी केंद्रावर रांग लावलीय त्यांनाच कळतं.

उंबरठा
मी आतापर्यंत वाचत होते. शिवणदोराताईंशी माझं पटत नाही आणि हे लिहिताना हात थरथरतोय.

लग्नानंतर अकरा वर्षं मी सासरच्या गावाबाहेर एकटी गेले नव्हते. बचत गटातून रुग्णसेविकेचा सहा महिन्यांचा वर्ग आला. सासूबाई म्हणाल्या, कशाला? गटाच्या ताईंनी घरी येऊन सांगितलं की गटातून कर्ज हवं तर एका बाईनं वर्ग करावाच लागेल. खरं तर असा नियम नव्हता, ताईंनी थाप मारली. त्या थापेवर माझी सुटका झाली. आज मी जिल्ह्याच्या गावी एका दवाखान्यात ११,००० वर आहे. मला विचारलं असतं, 'जायचंय का?', तर मी सगळ्यांसमोर 'नको' म्हणाले असते. सक्ती माझ्यावर नव्हती हो, माझ्या घरावर होती.

रोजंदारीण
ताई, तुमचं कौतुक आहे. पण तुमचं पोर कुणी सांभाळलं?

उंबरठा
जावेनं. तिनं त्यासाठी स्वतःचा रोज सोडला. ते मी विसरलेले नाही.

करदाता_पिंपरी
उंबरठा ताईंनी माझंच म्हणणं माझ्यापेक्षा चांगलं मांडलं.

शिवणदोरा
तुमचं नाही मांडलं. तिचा हप्ता कुणी अडवला नव्हता, आणि वर्गानंतर दवाखान्यात जागा होती. माझ्या तीस जणींना कोणती जागा होती?

तरी, उंबरठा, तुझ्या पोस्टनं मी अडकले. माझ्या वर्गातही एक अशीच होती. वर्ग संपला आणि तिचं बाहेर पडणं संपलं. शेवटच्या दिवशी रडली होती. मी तेव्हा समजले, मैत्रिणी सुटणार म्हणून रडते. म्हणून एवढं मानते: घरातल्यांना 'पाठवावंच लागेल' असं सांगणारं कुणीतरी हवं. पण दीड हजारावर टांगती तलवार नको. आणि योजना २१ ते ६५ वयापर्यंत आहे. साठीच्या बाईला तुम्ही काय शिकवणार, संगणक?

करदाता_पिंपरी
पंचेचाळीसच्या वर सूट. लहान पोर असेल तर पाळणाघर आधी, वर्ग नंतर. आणि वर्गाच्या दिवसाचा रोज भरून द्या. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावीवाल्या पोरांना महिन्याला ६,००० देतात, तर बायकांना फुकट का बसवायचं, हे मला आता पटतं. पण तिशीतल्या, पोरं शाळेत गेलेल्या बाईनं काही शिकूच नये आणि हप्ता मात्र चालू राहावा, हे मला आजही मान्य नाही.

शिवणदोरा
शिकू नये असं मी कुठं म्हटलं? पुन्हा वाचा.

पाणंद
रोज भरून दिला तर वर्गाबाहेर रांगा लागतील. सक्ती कशाला लागेल?

वावर_यवतमाळ
सगळ्या बाया वर्गाला गेल्या तर कापूस कोण वेचणार, ते अजून कोणी सांगितलं नाही.

रोजंदारीण
१२ द्या, मी सांगते.